कोठाराची किल्ली

आर्थर फिलिपला इंग्लंडच्या राजाने कागदावर ऑस्ट्रेलियाचे निम्मे खंड दिले होते. शेती कळणारा एक मुकादम मात्र दिला नव्हता.

सनद मोठी जबरदस्त होती. न्यू साउथ वेल्स नावाच्या नव्या वसाहतीचा फिलिप हा पहिला गव्हर्नर. जमीन वाटायची, न्यायालय बसवायचे, फाशी द्यायची, दिलेली फाशी माफ करायची, सगळे त्याच्या एका सहीवर. विचारायला मंडळ नाही, अडवायला कोणी नाही. ७ फेब्रुवारी १७८८ रोजी सिडनीच्या खाडीकाठी ही सनद सगळ्यांसमोर वाचून दाखवली गेली. एकट्या माणसाच्या हाती एवढी सत्ता दिल्याचे आपण कधी ऐकले नव्हते, असे राल्फ क्लार्क या अधिकाऱ्याने आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले आहे.

पण सत्ता राबवायची कोणाच्या हातून? अकरा जहाजांतून उतरलेल्या माणसांत सातशेहून अधिक कैदी होते. बहुतेक शहरातले, चोरीमारीत सापडलेले. त्यांच्यावर दोनशेच्या आसपास आरमारी सैनिक. न्यायखात्याचा प्रमुख डेव्हिड कॉलिन्स, पण तो सैन्यातला अधिकारी. कायदा शिकलेला नव्हता. हॅरी ब्रूअर हा फिलिपचा जुना कारकून. फौजदारीचे काम त्याच्या गळ्यात पडले. सुतार मोजके, कुऱ्हाडी-फावडी हलक्या प्रतीची. ज्या माळावर एवढ्या तोंडांसाठी धान्य पिकवायचे, तो खडकाळ आणि रेताड. आणि तो माळ तरी कोणाचा? गॅडिगल या तिथल्या मूळ रहिवाशांचा. त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते.

गव्हर्नरच्या खालोखाल मान होता मेजर रॉबर्ट रॉस याचा. तो लेफ्टनंट गव्हर्नर आणि सैनिकांचा सेनापतीही. माणूस तापट, मानापमानाला जपणारा. कैद्यांकडून काम करून घ्यायला त्याच्या अधिकाऱ्यांनी साफ नकार दिला. आम्ही पहाऱ्यासाठी आलो आहोत, मुकादमकीसाठी नाही, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयात बसायलाही त्यांची कुरकुर. पुढे एका शिपायाच्या खटल्यात दिलेली शिक्षा बदलायला नकार दिला म्हणून रॉसने आपल्याच पाच अधिकाऱ्यांना अटकेत टाकले. वसाहतीत अधिकारी मुळातच थोडे. फिलिपने त्या पाचांना अटकेतच कामावर रुजू करून घेतले. दुसरे करणार काय?

मुकादम मिळेनात, म्हणून कैद्यांवर कैदीच मुकादम नेमले गेले. ते आपल्याच सोबत्यांवर काय जरब बसवणार! फिलिप लंडनला पत्रे लिहीत राहिला: शेतकरी पाठवा, कामावर देखरेख करणारी जाणती माणसे पाठवा. पत्र पोहोचून उत्तर यायला वर्षाहून अधिक काळ लागे.

एक गोष्ट मात्र त्याच्या हातात होती. ती म्हणजे कोठार.

सगळी वसाहत सरकारी कोठारावर जगत होती. आठवड्याचा शिधा ठरलेला: पीठ, खारवलेले मांस, वाटाणे, थोडे लोणी. फिलिपने नियम केला की कैद्याला आणि सैनिकाला शिधा सारखाच. सैनिकाला दारू तेवढी जास्त. रॉसच्या लोकांना हे फार झोंबले. राजाचा शिपाई आणि चोर एका मापाने कसे मोजता? फिलिप बधला नाही. पिकाचा भरवसा नाही, जहाजाचा भरवसा नाही. माप एकच राहिले तरच सगळे तगतील, हे त्याने ओळखले होते.

मार्च १७८९ मधली एक सकाळ. कोठारप्रमुख नेहमीप्रमाणे दार उघडायला गेला. कुलपात किल्ली सरकेना. वाकून पाहिले, तर आत दुसऱ्याच कुठल्यातरी किल्लीचा मोडका तुकडा अडकलेला. तो तुकडा काढून लोहाराकडे नेला. लोहारही कैदीच. त्याने आपले काम ओळखले. ही किल्ली हंट नावाच्या सैनिकाने आपल्याकडून बदलून घेतली होती, असे त्याने सांगितले. हंटला धरले, आणि जीव वाचवायला तो माफीचा साक्षीदार झाला. मग जे बाहेर आले त्याने सगळी वसाहत थक्क झाली. सात सैनिकांचे टोळके कित्येक महिने कोठार लुटत होते. त्यांच्यातल्या एकाचा पहारा असला की बाकीचे बनावट किल्लीने आत शिरत. गस्त येण्याच्या सुमारास बाहेरचा पहारेकरी दार लावून उभा राही. गस्तीला काय दिसणार? कुलूप जागच्या जागी, पहारेकरी जागच्या जागी. कुंपणच शेत खात होते.

सहा सैनिकांना फाशी झाली. त्याआधी चोरीपायी कैदीही फासावर गेले होते, तेव्हा मापाची बरोबरी इथेही राहिली. पण फिलिपपुढचा प्रश्न सुटला नव्हता. राखण करायची कोणी?

उत्तर आले एका कैद्याकडून. जॉन हॅरिस त्याचे नाव. कैद्यांमधलीच भरवशाची माणसे निवडून रात्रीची गस्त घालावी, असे त्याने सुचवले. ऑगस्ट १७८९ मध्ये बारा कैद्यांची गस्त उभी राहिली. वस्तीचे चार भाग पाडले, प्रत्येक भागाला तिघे. आणि आश्चर्य म्हणजे चोऱ्या घटल्या. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, हे झालेच. पण त्याहून मोठे कारण असे की या बारा जणांचे पोट त्याच कोठारावर होते. कोठारातून गेलेले मूठभर पीठ त्यांच्याच आठवड्यातून जात होते. हे सैनिकांनाही लागू होतेच, पण बनावट किल्ली हाती आल्यावर त्या टोळक्यापुरते तरी ते नाते तुटले होते.

लवकरच या गस्तीने रात्री भलत्या वेळी फिरणाऱ्या एका सैनिकाला हटकले. रॉस खवळला. कैद्याने शिपायाला अडवायचे? हा पलटणीचा अपमान! फिलिपने एक पाऊल मागे घेतले: गुन्हा करताना सापडल्याखेरीज सैनिकाला अडवू नये, असा हुकूम निघाला. गव्हर्नरला आपल्याच सेनापतीची मर्जी सांभाळावी लागत होती.

त्याच सुमारास एक तारू बुडण्याच्या बेतात होते. इंग्लंडहून गार्डियन जहाज शिधा, अवजारे आणि फिलिपने मागितलेले शेतीचे मुकादम घेऊन निघाले होते. २४ डिसेंबर १७८९ रोजी ते हिमनगावर आदळले. जहाज कसेबसे केप ऑफ गुड होपला परत गेले. माल बहुतेक समुद्राला अर्पण झाला होता. सिडनीत याची कोणाला वार्ताही नव्हती. लोक क्षितिजाकडे डोळे लावून बसले होते. मार्च १७९० मध्ये फिलिपने तोंडे कमी करावीत म्हणून बरीच माणसे नॉरफोक बेटावर धाडली. त्यांच्यासोबत रॉसलाही तिथला कारभारी करून पाठवले. एका दगडात दोन पक्षी. पण सिरियस हे वसाहतीचे मोठे जहाज त्या बेटाच्या खडकांवर फुटले. आता सिडनीत उरले एक छोटे जहाज आणि काही महिन्यांचे धान्य.

एप्रिलात शिधा आणखी कापला. आठवड्याला माणशी अडीच पौंड पीठ, दोन पौंड तांदूळ, दोन पौंड खारवलेले डुकराचे मांस. म्हणजे सव्वा किलोहूनही कमी पिठात सात दिवस काढायचे. तांदूळही असा की त्यात दाण्यांपेक्षा किडे जास्त. कामाचे तास कमी करावे लागले, कारण फावडे उचलायला अंगात ताकद नव्हती.

गव्हर्नरच्या खासगी साठ्यात तीन हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे दीडशे किलो पीठ होते. त्याच्या स्वतःच्या मालकीचे. ते लपवले असते तरी कोणी जाब विचारला नसता. फिलिपने ते सगळे सार्वजनिक कोठारात जमा केले. सगळ्यांना मिळतो त्याहून अधिक शिधा आपल्या ताटात नको, असे त्याने जाहीर केले. एखाद्या कैद्याने गाऱ्हाणे मांडलेच, तर गव्हर्नरच्या घरातही टंचाई आहे हे त्याला दिसावे, हा हेतू.

त्या दिवसांत गव्हर्नरकडून जेवणाचे आमंत्रण येई, त्यासोबत एक सूचना असे: येताना आपापला पाव घेऊन यावा. वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने त्या मेजाचे वर्णन करून ठेवले आहे. पाहुणे गणवेश चढवून येत, बसत, आणि बसल्याबरोबर प्रत्येक जण खिशातून पावाचा तुकडा काढून ताटाशेजारी ठेवी. राजाचा प्रतिनिधी यजमान, त्याच्या मेजावर राजाचे अधिकारी, आणि पाव ज्याचा त्याचा.

वसाहत तगली ती अशा बरोबरीवर, आणि काही अनपेक्षित हातांवरही. हेन्री डॉड हा फिलिपचा घरचा नोकर म्हणून आला होता. पण शेतीतले त्याला कळत होते. रोज हिल इथल्या सरकारी शेतावर त्याला नेमले, आणि लंडनहून यायचे मुकादम समुद्रात अडकलेले असताना याच नोकराने पहिले नाव घेण्याजोगे पीक काढून दाखवले. १७८९ च्या नाताळात तिथून आलेला एक कोबी सव्वीस पौंड भरला! जेम्स रूस या कैद्याला फिलिपने जमिनीचा तुकडा, खोपटे, बी-बियाणे आणि अवजारे दिली. स्वतःच्या पोटापुरते पिकवता येते का, ते पाहा म्हणून. १७९१ च्या फेब्रुवारीत रूसने सांगितले की आता मला सरकारी शिधा नको. बक्षीस म्हणून त्याला तीस एकर मिळाले. मग हळूहळू जहाजे येऊ लागली. १७९२ मध्ये तर अटलांटिक जहाज कलकत्त्याहून तांदूळ, रवा आणि डाळ घेऊन आले, आणि हिंदुस्थानच्या डाळीवर सिडनीच्या चुली पेटल्या.

इथे गोष्ट संपवली तर फिलिप थोर ठरेल आणि वाचक सुखाने झोपेल. पण त्या एका मापातून काही माणसे सुटली होती.

ज्यांच्या खाडीत जाळी टाकून वसाहत मासे ओढत होती, त्या मूळ रहिवाशांचा हिशेब कोणत्याच वहीत नव्हता. १७८९ मध्ये देवीची साथ आली आणि फिलिपच्याच अंदाजाने त्यांच्यातले निम्मे लोक गेले. त्यांची भाषा शिकण्यासाठी फिलिपने माणसे पळवून आणली. बेनेलाँग हा त्यांतलाच एक. सप्टेंबर १७९० मध्ये मॅन्लीच्या किनाऱ्यावर फिलिपच्या खांद्यात भाला घुसला. तेव्हा त्याने सूड घेऊ नका म्हणून ताकीद दिली. हे त्याचे मोठेपण. पण डिसेंबरात त्याचा शिकारी मॅकइंटायर याला भाला लागला. या शिकाऱ्याविषयी मूळ रहिवाशांच्या मनात आधीपासून भीती आणि राग होता. तरी या वेळी फिलिपचा तोल गेला. दहा जणांना मारून त्यांची डोकी आणा, असा हुकूम सुटला. टेंचने रदबदली करून तो आकडा सहावर आणला.

मोहिमेवर विल्यम डॉझ या लेफ्टनंटला जायचे होते. डॉझ हा फिलिपच्या माणसांतला सर्वांत विद्वान. आकाशातले ग्रह पाही, जमिनीची मोजणी करी, आणि पाटयेगारांग नावाच्या तरुण मुलीकडून तिथली भाषा शिकून वहीत उतरवी. सगळ्या वसाहतीत त्या लोकांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत ऐकणारा जवळपास तो एकटा. त्याने लेखी कळवले की या कामाला मी जाणार नाही. पाद्र्याने समजूत घातल्यावर तो गेला. मोहीम रिकाम्या हाताने परतली. मग डॉझने जाहीर सांगितले की गेलो याचेच मला वाईट वाटते.

डॉझला सिडनीत राहायचे होते. फिलिपने अट घातली: त्या बोलण्याबद्दल दिलगिरी व्यक्त कर. शिध्याच्या पिठाच्या खरेदीवरूनही त्याच्यावर ठपका होता, त्याचीही माफी माग. डॉझने मागितली नाही. १७९१ च्या अखेरीस तो जहाजात बसला. भांडखोर रॉसला फिलिपने वर्षानुवर्षे सांभाळून घेतले. नाही म्हणणाऱ्या डॉझला मात्र सांभाळले नाही. जाताना डॉझच्या वह्या त्याच्याबरोबर गेल्या, आणि ती भाषा त्याच्याइतकी समजणारा अधिकारी गव्हर्नरच्या जवळ उरला नाही.

डिसेंबर १७९२ मध्ये आजारी फिलिपही इंग्लंडला परतला. कारभार मेजर फ्रान्सिस ग्रोजकडे आला. त्याच्यासोबत नवी पलटण होती, न्यू साउथ वेल्स कोअर. ग्रोज काही दुष्ट नव्हता. आपल्या माणसांवर त्याचा जीव होता. अडचण तीच झाली. त्याने शिध्यात फरक केला: सैनिकाला जास्त, कैद्याला कमी. मुलकी न्यायाधीशांच्या जागी लष्करी अधिकारी बसवले. प्रत्येक अधिकाऱ्याला जमीन आणि ती कसायला सरकारी शिध्यावरचे दहा कैदी. जहाजातून आलेला माल अधिकारी एकत्रित घेत आणि मनमानी भावाने विकत. त्यात दारू सर्वांत वर. थोड्याच दिवसांत मजुरी दारूत मोजली जाऊ लागली. कागदोपत्री पाहिले तर गव्हर्नरच्या हाताखाली आता पूर्वीपेक्षा जास्त माणसे होती, शिस्तीची आणि पगारी. पण कोठार रिते झाले की त्यांचे दुकान चाले. टंचाई हाच त्यांचा हंगाम होता.

त्यानंतर गव्हर्नर म्हणून हंटर आला, किंग आला. दोघांनीही दारूचा व्यापार मोडायची शिकस्त केली आणि दोघेही थकून परत गेले. १८०६ मध्ये आला विल्यम ब्लाय. बाउंटी जहाजावरच्या बंडाला तोंड देऊन आलेला, जिभेचा तिखट. त्याने दारूच्या देवघेवीवर बंदी घातली. हुकूम रास्त होता. अंमल कोण करणार? पलटण तीच, जिचा दारूवर धंदा. न्यायप्रमुख रिचर्ड ॲटकिन्स दारुडा आणि कायद्यात कच्चा. त्याला सल्ला द्यायला एक माजी कैदी वकील. जॉन मॅकार्थर या धनाढ्य माजी अधिकाऱ्यावर खटला उभा राहिला, तेव्हा न्यायालयात बसलेल्या सहाही लष्करी अधिकाऱ्यांनी ॲटकिन्सबरोबर काम करायला नकार दिला.

२६ जानेवारी १८०८ च्या संध्याकाळी सुमारे चारशे सैनिक संगिनी लावून, बँड वाजवत गव्हर्नरच्या घरावर चालून गेले. फाटकात त्यांना अडवायला उभी राहिली ती एकटी ब्लायची विधवा मुलगी मेरी, हातातली छत्री उगारून. गव्हर्नरच्या बाजूने त्या दिवशी एवढीच फौज होती. ब्लायला अटक झाली आणि वर्षाहून अधिक काळ तो नजरकैदेत राहिला.

त्या सैनिकांच्या पुढे होता मेजर जॉर्ज जॉन्स्टन. वीस वर्षांपूर्वी याच तारखेला तो फिलिपबरोबर सिडनीच्या खाडीत उतरला होता, आणि पुढे फिलिपच्या खास दिमतीला होता. दुष्काळातल्या एकाच मापाच्या शिध्यावर त्यानेही दिवस काढलेले. मधल्या वर्षांत जमिनी आल्या, दारू आली. १८०० मध्ये तर एका सार्जंटला पगाराचा भाग म्हणून चढ्या भावाने दारू दिल्याचा आरोपही त्याच्यावर झाला. तोच माणूस एका गव्हर्नरचा हात होता आणि दुसऱ्या गव्हर्नरच्या हातातली बेडी झाला. त्याचा स्वभाव पालटला असे म्हणायला जागा नाही. त्याचे पोट कशावर चालते, ते पालटले.

लंडनने यातून निम्मा धडा घेतला. पुढचा गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी, उमेदीची बरीच वर्षे मुंबईकडच्या पलटणीत काढलेला. त्याला स्वतःची ७३ वी पलटण आणि एलिस बेंट हा शिकलेला न्यायाधीश सोबत दिला. जुनी पलटण परत बोलावली. उरलेला निम्मा धडा, म्हणजे ज्यांची जमीन त्यांचे म्हणणे ऐकू येईल असा माणूस गव्हर्नरपाशी हवा, तो कोणी घेतला नाही. त्या राज्याचा पायाच दुसऱ्याच्या जमिनीवर होता. तिथे असा माणूस जवळ ठेवणे परवडणारे नव्हते.

तात्पर्य: कारभाऱ्याला माणसे देताना ती किती आणि किती हुशार, हे नंतर पाहावे, आधी पाहावे की लोकांच्या टंचाईत त्यांचे नुकसान होते की नफा. ज्याच्या हाती कोठाराची किल्ली, त्याचे पोट त्याच कोठारावर हवे. आणि ज्यांना त्या कोठारातून काहीच मिळत नाही त्यांच्या वतीने जो तोंडावर नाही म्हणतो, त्याला जहाजात बसवून देणाऱ्या कारभाऱ्याला खरे सांगणारे मागे कोणी उरत नाही.